माझ्यावाचून अडणारी बोट

रविवार, १५ जानेवारी २००६. मॉरिसव्हिल, अमेरिका.
काल येथील मराठी मंडळाची संक्रांत. गुरुनाथचे भाषण, पडद्यावर चित्रांसह. विषय : फ्रान्समधील कालव्यांतून बोटीने प्रवास. त्याला कर्ता आणि क्रियापद यांची गाठ घालून देता येत नाही, तरी सभागृह टाळ्या वाजवत होते. सुमित्रा तर डोळ्यांना पदर लावून हसत होती. माझ्या कोणत्याही वाक्याला तिने अशी दाद दिल्याचे स्मरत नाही. अर्थात माझी वाक्ये हसण्याजोगी नसतात.

चहाच्या वेळी गुरुनाथ जवळ आला. मे महिन्यात तो आणि शोभनावहिनी पुन्हा जाणार आहेत, बोटीत दोन केबिन आहेत, तेव्हा जगन्नाथराव, वहिनींना घेऊन चला की यार, म्हणाला. सत्तरीच्या माणसाने दुसऱ्या सत्तरीच्या माणसाला यार म्हणावे! मी विचार करून कळवतो असे म्हणेपर्यंत सुमित्रा हो म्हणून मोकळी झाली होती.

संकल्प : जायचे. मात्र बोटीचा कॅप्टन मी असेन. सुमित्राला खरा प्रवास म्हणजे काय ते समजले पाहिजे.

रविवार, २९ जानेवारी.
लायब्ररीतून या विषयावरील सर्व पुस्तके आणली. गुरुनाथने एकही वाचलेले नसणार. भाड्याची बोट चालवण्यास लायसन्स लागत नाही. वेग इतका मंद की काठावरचे सायकलस्वार पुढे निघून जातात. लॉक म्हणजे पाण्याचा जिना : बोट आत घ्यायची, दारे बंद करायची, पाणी भरले की बोट वर चढते. मग पुढचे दार उघडते. दुपारी लॉकवाला जेवायला जातो. तेवढा वेळ सर्व युरोप थांबतो.

हे सर्व सुमित्राला क्रमाने समजावले. तिने शांतपणे ऐकून, बोट बांधून गावात भाजी आणायला जाता येते का, असे विचारले. मूळ मुद्दा तिच्या लक्षात आलेला नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी.
गुरुनाथकडे बैठक. कॅप्टनपदाचा प्रश्न मी सभ्यपणे मांडला. वयाने मी मोठा, अभ्यास माझा. गुरुनाथ म्हणाला, अहो, मी मागच्या वर्षी चालवलीये ना! चालवली असेल. मात्र कशी, याचा पुरावा नाही. शोभनावहिनी म्हणाल्या, चालवलीये हो, लॉकच्या भिंतींना विचारा. दोघी हसल्या. गुरुनाथही हसला. निर्णय एप्रिलमध्ये, तलावावरील प्रात्यक्षिकानंतर.

सुमित्राने त्याच्याकडचे पोहे दोनदा मागून घेतले. पोहे त्याने स्वतः केले होते. पुरुषाने एवढे दाखवण्याची गरज नव्हती.

रविवार, १६ एप्रिल.
तलावावर भाड्याची मोटारबोट घेतली. प्रथम मी. चाकावर हात ठेवून परिस्थितीचा आढावा घेत होतो, तोच गुरुनाथ ओरडू लागला : लेफ्ट मार, लेफ्ट मार! मी त्याला शांतपणे सांगितले की, बोट डावीकडे वळवावी, असे म्हणावे. हे सांगून पूर्ण होईपर्यंत आम्ही लव्हाळ्यांच्या दलदलीत होतो. दोष अर्थात घाई करणाऱ्याचा.

दोष कोणाचा यावर आम्ही दोघांनी उभे राहून सविस्तर चर्चा केली. ती संपली तेव्हा बोट धक्क्याला लागलेली होती. वाऱ्याने लागली असावी. सुमित्रा चाकापाशी बसली होती. तिथे ऊन बरे येते.

रविवार, २३ एप्रिल.
अंतिम निवेदन फोनवरून दिले : मी कॅप्टन नसेन तर मी येणार नाही. गुरुनाथ म्हणाला, बघा बुवा, तुमची मर्जी. आता दोन दिवसांत त्याचा फोन येईल. बोट चौघांची आहे. मी नसताना केबिन रिकामी ठेवणे त्याला परवडणार नाही. शिवाय सुमित्रा माझ्याशिवाय कशी जाईल?

बुधवार, २६ एप्रिल.
फोन आला. माझ्या जागी शोभनावहिनींची बहीण शरयू नोव्हाय गावाहून येत आहे. ती आणि सुमित्रा एका केबिनमध्ये राहतील. प्रसादने आईला बॅग आणून दिली. मी सुमित्राला म्हणालो, तुला एकटीला बरे वाटणार नाही. ती म्हणाली, अहो, एकटी कुठे, आम्ही चौघं आहोत.

शनिवार, ६ मे.
विमानतळ. सुमित्राने पँट घातली होती, लग्नानंतर प्रथमच. पायांत बूट. गुरुनाथने पांढरी टोपी घातली होती, पुढे सोनेरी नांगर. विमानतळावर समुद्र नव्हता.

माझ्या हिशेबाने पहिल्या आठवड्यात परत येतील.

मंगळवार, ९ मे. सकाळी.
सुमित्राचा फोन, कास्तेलनोदारी या गावातून. बोट सुटली. दोन्ही काठांना मोठमोठी झाडे, खाली हिरवे पाणी, गावातल्या म्हाताऱ्या खिडकीतून हात करतात वगैरे. मी म्हणालो, ते राहू दे, कॅप्टनला फोन दे, महत्त्वाच्या सूचना आहेत. ती म्हणाली, बोला. मी पुन्हा म्हणालो, कॅप्टनला दे. ती पुन्हा म्हणाली, बोला ना, ऐकतेय. लाइन खराब असावी. सूचना तिलाच लिहून घ्यायला सांगितल्या. लिहून घेतल्या नसाव्यात. मागे गुरुनाथ मोठमोठ्याने हसत होता.

शनिवार, १३ मे.
सुमित्राचा फोन, कार्कासोनहून. तेथे डोंगरावर किल्ला आहे. तो पाहिला का विचारले. संध्याकाळी लांबूनच पाहिला, आज बाजार होता, म्हणाली. ऑलिव्ह आणि एक मोठा टोमॅटो घेतला. जेवण गुरुनाथभाऊजी करतात. पिठलं असं करतात ना, शोभना म्हणते त्यांना इथेच ठेवून जाऊ.

मलाही पिठले येते. आज केले. धुराचा अलार्म वाजला. सावनी कानांवर हात ठेवून म्हणाली, आजोबा, प्लीज, जस्ट ऑर्डर पिझ्झा. प्रसादने पंखा लावला. पिठल्याला दोष नाही. येथील छत बुटके आहे.

मंगळवार, १६ मे.
प्रसादच्या ई-मेलवर फोटो आला. बोट, पाणी, चाकापाशी सुमित्रा. डोक्यावर गुरुनाथची टोपी!

बराच वेळ पाहिले. प्रसाद म्हणाला, बाबा, आई चालवतेय! मी त्याला समजावले की फोटोसाठी असे उभे करतात. वाईला नावेत आम्हीही वल्हे हातात धरून फोटो काढला होता, नावाडी मागे होता. प्रश्न चाकाचा नाही, टोपीचा आहे. त्याने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या पत्नीच्या डोक्यावर ठेवली. स्वतःच्या हाताने ठेवली असणार. अंबाड्यावर ती नीट बसलेलीही नाही.

प्रसादला गुरुनाथच्या नावे पत्र सांगितले : आपण आपल्या टोपीचे स्थान ओळखून वर्तन करावे. प्रसादने खरंच पाठवू का, असे तीनदा विचारले. पाठव म्हणालो. वाक्यात एकही चूक नव्हती.

बुधवार, १७ मे.
गुरुनाथचा फोन. हसू आवरत नव्हते. म्हणाला, जगन्नाथराव, टोपी कॅप्टनची असते हो. पहिल्याच दिवशी त्याने बोट लॉकच्या भिंतीवर घातली, लॉकवाल्याच्या फुलांच्या कुंड्या पाण्यात पाडल्या. लॉकवाला तावातावाने बोलत होता, तेव्हा वहिनींनी चाक घेतलं आणि बोट सुतासारखी आत नेली. मग काय, टोपी दिली यार त्यांना! शरयू दोर धरते, शोभना नकाशा बघते, आपण पिठलं. वहिनी ओरडत नाहीत, नुसतं बघतात. तुम्हाला तर माहीत असेल.

माहीत नव्हते.

रात्री दलदल आठवली. वारा नव्हता त्या दिवशी.

शनिवार, २० मे.
शेवटचे गाव, बेझिए. सुमित्राचा फोन. तेथे लॉकचा एकापुढे एक असा जिनाच आहे. ती तो उतरली. काठावर लोक पाहायला जमले होते. खाली पोचल्यावर टाळ्या वाजवल्या. मी विचारले, माझ्यावाचून अडचण झाली असेल. ती थोडा विचार करून म्हणाली, हो, झाली ना. आम्हा चौघांचा एकत्र फोटो काढायला कोणी नव्हतं.

मी जेवतो का, हेही विचारले. जेवतो म्हणालो.

रविवार, ४ जून.
सुमित्रा परत आली त्याला दहा दिवस झाले. सावळी झाली आहे. काल मंडळात चौघांचा सत्कार. बोलताना तिने दोन ठिकाणी शब्दांचे लिंग चुकवले. मी टिपून घेतले नाही.

पुढच्या मे महिन्यात दुसरा कालवा ठरला आहे. तेच चौघे. बोटीत मधल्या बाकावर पाचवा माणूस झोपू शकतो, असे मला पुस्तकांवरून माहीत आहे. तिला सांगितले. फोटोही काढीन, दोरही धरीन, कॅप्टनपदाचा आग्रह नाही. ती म्हणाली, क्रूला विचारून सांगते.

रविवार, ११ जून.
क्रूला विचारले का, असे तिला विचारले. विसरले म्हणाली. म्हणून मीच गुरुनाथकडे गेलो. त्याने सगळे फोटो प्रथमपासून दाखवले, दीड तास, प्रत्येक फोटोवर बोलत. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. मी एकदाही मध्ये बोललो नाही. दोनदा वा म्हणालो. पोहे मागून घेतले. चांगले होते.

मग विषय काढला. तो म्हणाला, माझी काही हरकत नाही हो, पण शेवटचा शब्द कॅप्टनचा. तुम्ही त्यांनाच विचारा.

घरी आलो. कपडे बदलले नाहीत. दिवाणखान्यात बसलो आहे.

शोभनावहिनींबरोबर कॅप्टन बाहेर गेल्या आहेत. अजून आलेल्या नाहीत.