गुर्द्यावरची गाठ

४ फेब्रुवारी
सुरा उगारला आज. गिऱ्हाइकावर! "ताई, मटणात चरबीच जास्त घातलीत," एवढंच म्हणाला होता बिचारा. त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर सुरा ओंडक्यात रुतला – असा, की काढायला दोन्ही हात लागले. तो पिशवी टाकून पळाला. समोरचा किराणावाला दारात येऊन बघत होता. त्यालाही झाडला – तमाशा आहे का इथे!

तासाभराने खाली वाकून बोकड उचलायला गेले तर डोकं फुटायची वेळ आली. ॲप्रन पिळून काढावा इतका घाम, छातीत धडधड, हात बर्फ. ओंडक्याला धरून बसले. किराणावाल्यानेच दवाखान्यात नेलं, शिव्या खाऊनही. रक्तदाब २१०/१२०. डॉक्टरीण यंत्राकडे बघते, माझ्याकडे बघते. "तुम्ही चालत आलात?"

९ फेब्रुवारी
चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची, आणि कॅन गार जागी. दुकानाच्या फ्रीजरमध्ये ठेवला असता तर धंदाच बसला असता. म्हणून घरी, दुधाशेजारी. मास्तर नाक धरून स्वयंपाकघरात येतो. (नवऱ्याला मी मास्तरच म्हणते. अख्खा रस्ता त्याच्याकडे कपडे शिवायला टाकतो आणि मास्तर म्हणतो, मीच कशाला वेगळी हाक मारू.) टिंगूने विचारलं, "आई, हे सरबत आहे?" मास्तर इतका हसला की मलाही हसू आलं. किती दिवसांनी!

२१ फेब्रुवारी
सापडली. उजव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ. डॉक्टरीण चित्र काढून दाखवायला लागली. म्हटलं, राहू द्या. बोकडाच्या गुर्द्यावर, चरबीत, दाण्याएवढी असते ती. आबांनी, माझ्या वडिलांनी, दुकानातल्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं – काढ आणि फेक. सतरा वर्षं काढून फेकतेय. माझी साडेचार सेंटिमीटर, लिंबाएवढी झालीय. रोगाचं नाव फिओक्रोमोसायटोमा. गाठीपेक्षा नाव मोठं!

मारामारीला उतरताना अंगात जो रस भिनतो, तो ही गाठ कारण नसताना रक्तात सोडते. म्हणून ते डोकं, तो घाम, ती धडधड. ऑपरेशन करायचं, पण आधी सहा आठवडे गोळ्या. पाणी आणि मीठ भरपूर. उठताना सावकाश, नाहीतर चक्कर. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. झटका आला की दाब मोजून लिहायचा – वेळ, काय करत होते, किती.

"राग आला तर तोही लिहू?"
"सगळं लिहा."

घरी येऊन रडले. आनंदाने! मी वाईट नाही. माझ्या आत एक गाठ वाईट आहे. आबांचाही हात असाच सुटायचा. पट्टा, चप्पल, हाताला लागेल ते. डॉक्टरीण म्हणाली, काही घराण्यांत येते ही. म्हणजे आबाही –!

२ मार्च
टिंगूला मारलं. मास्तरच्या लाकडी पट्टीने. वहीवर पाणी सांडलं म्हणून. पट्टी मोडली. मोडल्यावर उरलेल्या तुकड्याने मारलं. नऊ वर्षांची आहे. दंडावर वळ उठलेत, एका ठिकाणी रक्त. मास्तरने मागून धरलं तर त्याच्या मनगटाला चावले. हो, चावले.

मग त्याच हाताने त्याने माझ्या दंडाला दाब मोजायच्या यंत्राचा पट्टा बांधला. आकडा त्यानेच टिपला, त्याच्या मापाच्या वहीत, मागच्या पानावर. मी बघितलं नाही. डोळे मिटून बसले होते.

टिंगूला म्हणाला, "आईने नाही मारलं. गाठीने मारलं."
ती म्हणाली, "गाठीला कळतं का, दुखतं ते?"

११ मार्च
चप्पल घालायला वाकले. झटका. १९८/११०. पांढरीफटक पडले होते म्हणे. मास्तरने विचारलं, राग आलाय का? राग कुठला, बोलायलाही जीव नव्हता.

१९ मार्च
मास्तर म्हणाला, "दुकान महिनाभर बंद ठेव." एवढंच. दोन किलोचं वजन हाताशी होतं, ते फेकलं. त्याच्या कानावरून गेलं आणि मागचा आरसा फुटला. डोक्याला लागतं तर? मला लागावं असं वाटत होतं. हे इथे लिहितेय, दुसरीकडे कुठे बोलणार.

त्याने काचा गोळा केल्या. पट्टा बांधला, आकडा टिपला. वही मिटून ठेवली. मग म्हणाला, "गाठ निघेपर्यंत थांबतो. तोवर माझं भांडण तिच्याशी. ती गेल्यावर हात उचललास, तर टिंगूला घेऊन माझ्या ताईकडे जाईन. कायमचा."

म्हटलं, "गाठ गेल्यावर मी गरीब गाय होईन. बघच तू."
तो हसला नाही.

४ एप्रिल
उद्या ऑपरेशन. टिंगूने माझ्या पोटावर बोट ठेवून विचारलं, "इथे आहे ती?" मग तिथेच एक गुद्दा मारला. हळूच. मी म्हटलं, अजून एक मार.

१० एप्रिल
काढली! चार छोटी भोकं, हसलं की ओढतात. गाठीचा फोटो बघायला मागितला. पिवळट, मध्ये रक्ताळलेली. मी असते तर याहून सफाईने सोलली असती.

२९ एप्रिल
दाब ११८/७६. लघवीची तपासणी स्वच्छ. डॉक्टरीण म्हणाली, गाठ गेली. वर्षाला एकदा येऊन जा, बस. तिने मास्तरची वही मागून घेतली, चाळली, मागची दोन पानं पुन्हा वाचली. मास्तरकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, अक्षर लागत नसेल.

येताना किराणावाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या हो ताई, दुखण्यापुढे माणूस काय करणार!"

१७ मे
टिंगूच्या हातून ग्लास फुटला. कानशिलात ठेवून दिली. ती भिंतीवर आपटली.

रडली नाही. उठली, आतून यंत्र आणलं, पट्टा माझ्या दंडाला बांधला, बटण दाबलं. मोठ्याने वाचलं – "एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर." मग मास्तरची वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं, बाबा लिहितो तसं. तिच्या आकड्याच्या वर त्याचं अक्षर होतं. २ मार्च, पट्टी – १२६/८२. ११ मार्च, चप्पल घालताना – १९८/११०. १९ मार्च, वजन – १३०/८४.

"आई, आता कोणी मारलं?"

मी.

मास्तर सहाला येईल. टिंगूची बॅग भरून दारात ठेवली आहे.