लाव्हेलांच्या आढ्याचा दोर

किलकोरन, काउंटी मेयो
१७ नोव्हेंबर १९३८

प्रिय फेस्टसदादा,

तू बरा असशील, क्लीव्हलंडच्या थंडीची आता सवय झाली असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण रविवारची प्रार्थना चुकवत नाही. बाबांना आता ऐकू कमी येतं. तांबडी गाय विकली. दर नाताळला तुझं नुसती सही असलेलं कार्ड येतं, त्यावरचाच पत्ता घेतलाय.

मुलं घरी गेली आहेत, मी शाळेतच बसून लिहितेय. तिसरा कागद आहे हा. दोन फाडले.

यंदा डब्लिनहून सरकारनं शाळाशाळांना वह्या पाठवल्यात. मुलांनी म्हाताऱ्यांना विचारायचं आणि जुनं जे असेल ते लिहून आणायचं. काय काय आणतात रे! टेकडीवरच्या गढीत पुरलेला राजा, समुद्रातून आलेले डेन लुटारू, क्रॉमवेलच्या घोडेस्वारांनी फोडलेलं देऊळ. हजार वर्षांमागचं असं सांगतात, जणू काल बाजारात घडलं. पण नव्वद वर्षांमागच्या दुष्काळाचं विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसते. ‘आमच्याकडे नव्हता, पलीकडच्या गावात होता.’ पलीकडच्या गावातले आपल्याकडे बोट दाखवतात.

मग मागच्या सोमवारी फिलोमिना लाव्हेलनं पान आणलं. तुझ्या डीलियाची पुतणी, अकरा वर्षांची. आजीनं, म्हणजे म्हाताऱ्या सबिनानं (तिचं माहेरही लाव्हेलच), सांगितलेलं. अठराशे सत्तेचाळीसच्या काळ्या साली जमीनदाराच्या कारभाऱ्यानं लाव्हेलांचं घर पाडायला माणसं आणली. आढ्याला दोर बांधून ओढणारा पहिला माणूस मार्टिन गॉहन. त्याला मक्याचं पीठ मिळालं, आणि पुढे ओढ्याकाठचं शेत.

आपले पणजोबा, दादा. आपण बटाटे लावतो ते शेत.

“बाई, काही चुकलंय का?” पोरीनं विचारलं.

“अक्षर छान आहे,” मी म्हटलं. आणि ती गेल्यावर ब्लेडनं नाव खरवडून काढलं.

शनिवारी सबिनाकडे गेले. म्हातारी चुलीशी बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “खोडायला आलीस की लिहायला?”

मी दारातच उभी राहिले.

“खोडलंस वाटतं. बरं, बस. पोरीनं आळस केला, अर्धंच लिहिलं. तुझ्या पणजोबाची दोन लेकरं तेव्हा मातीत गेली होती, दोन उरली होती. त्या पिठासाठी त्यानं दोर ओढला. आणि त्याच संध्याकाळी तुझी पणजी अर्धं पीठ घेऊन आली. घर पाडल्यावर माझी आई बांधाआडच्या खड्ड्यात पडली होती. तिच्यापुढे ठेवलं, एक शब्द बोलली नाही, निघून गेली. आईनं ते खाल्लं. म्हणून मी जन्मले. शिव्या घालायच्या की दुवा द्यायचा, हे आईला मरेपर्यंत कळलं नाही, मला कुठून कळणार? दोन्ही लिही. नाहीतर काहीच लिहू नकोस.”

घरी येऊन बाबांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्यांनी विस्तव सारखा केला. मग म्हणाले, “माझ्या बापानं मला सांगितलं होतं. कुठल्या तोंडानं फेस्टससाठी लाव्हेलांची मुलगी मागायला जाणार होतो मी?”

तुला वाटलं, लाव्हेल आपल्या तोलाचे नाहीत म्हणून बाबांनी डीलियाला नाही म्हटलं. ‘नाकानं कांदे सोलतो म्हातारा,’ म्हणून तू बोट पकडलीस. तसं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती.

मी उठून खिडकी लावून आले. लावलेलीच होती.

दादा, मी वर लिहिलं ते खरं नाही. म्हणजे खरं आहे, पण त्या पानानं मला नवीन काही कळलं नाही. तू गेलास त्या दिवशी गोठ्यात बाबा आईला हेच सांगत होते, आणि मी दाराआड होते. तुझी बोट सुटायला अजून दोन दिवस होते. सायकलवरून वेस्टपोर्टच्या स्टेशनावर तुला गाठता आलं असतं. पण त्याच आठवड्यात मला या शाळेवर घेणार होते. गॉहनांचं नाव गावात निघालं तर शाळा चालवणारे फादर काय म्हणतील, याची मला भीती वाटली. अकरा वर्षं वाटत राहिली.

डीलिया यंदा फेब्रुवारीत शाळेत आली होती. “फेस्टसचं काही? निदान तो का गेला एवढं तरी?” मी म्हटलं, “काही नाही.” नंतर आठवड्याभरात, लेंटचे उपवास लागून लग्नं बंद व्हायच्या आत, तिनं बेलमलेटच्या एका विधुर दुकानदाराशी लग्न केलं. त्याची तीन मुलं ती सांभाळते. बरी आहे म्हणतात.

वही काल डब्लिनला गेली. पणजोबांचं नाव मी पुन्हा लिहिलं, पणजीचं पीठही लिहिलं. खाली सांगणारीचं नाव, लिहिणारीचं नाव, शिक्षिकेची सही. फिलोमिनानं वाचून विचारलं, “बाई, हे तुमच्या घरचे?” मी ‘हो’ म्हटलं. मग तिनं शाईची दौत सरकवली, “सही करा की.”

बाबा आज काठी घेऊन सबिनाकडे गेलेत. इथून रस्ता दिसतो, अजून परतले नाहीत. काय बोलतील, दोघांनाही नीट ऐकू येत नाही.

क्षमा मागायला कुणी शिकवलेलं नाही मला, नुसतं शिकवायला शिकवलंय. यंदाच्या कार्डावर सहीसुद्धा करू नकोस वाटलं तर. कोरं आलं तरी मी समजेन.

जिनं सायकल काढली नाही, ती तुझी बहीण,
विनी