मंगळवारी उघडणारं दार

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. ढब्बूला दोन दात आले आणि तो टेबलाचा पाय चावतो हे वाचून हसलो. आईकडे आता पाऊल टाकणार नाहीस, असं शेवटी दोनदा अधोरेखित करून लिहिलंयस, तेही वाचलं. मला त्याबद्दलच लिहायचंय, पण माझं डोकं एका वेळी एकाच रांगेत चालतं हे तुला ठाऊक आहे. म्हणून आधी माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. हे पत्र मी कच्चं लिहून मग पक्कं केलंय. आठवीत शाळा सुटल्यापासून शब्दकोश उशाशीच असतो, तरी चुका सापडल्या तर कळव.

मी नक्की काय करतो, असं भावजी विचारत होते. आमचं केंद्र तीन वर्षांच्या आतली मुलं असलेल्या घरांसाठी आहे. वजन घेणारी नर्स, बाळाशी कसं खेळायचं ते दाखवणाऱ्या बाई, आयांची विचारपूस करणाऱ्या बाई आणि दुधाची पावडर, लंगोट पोचवणारा गाडीवाला. या चौघांनी एकाच घरावर एकदम धाड घालू नये आणि कुठलं घर सुटूही नये, हे मी बघतो. त्यासाठी भिंतीवर तक्ता केलाय, दर घराला एक रांग, दर भेटीला एक रंगीत चौकोन. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणतात, "तक्ता काय प्रदर्शनात मांडायचाय का रे?" पण एका दिवसाखाली चौकोनांची गर्दी आणि दुसऱ्याखाली ओसाड, असं दिसलं की मला घास जात नाही.

तर झालं असं. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब आहे, बाळ सात महिन्यांचं. मंगळवारी चौकोन फार झाले होते, म्हणून मी या घराच्या भेटी गुरुवारी टाकल्या. दोन गुरुवार ओळीनं चिठ्ठी आली: दार उघडलं नाही. आमच्याकडे तीनदा दार उघडलं नाही की फाईल बंद, कारण रांगेत दुसरी घरं थांबलेली असतात. नर्स म्हणाली, "नको असेल त्यांना, जाऊ दे ना." पण आधीच्या भेटीत बाळाचं वजन घसरलेलं होतं. मला राहवलं नाही. मी त्या घराच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. दार उघडलं तो प्रत्येक वार मंगळवार होता. एकही अपवाद नाही. मंगळवारी असं काय असतं? मी डोकं खाजवत बसलो. नवऱ्याची सुट्टी मंगळवारची, हे फॉर्मवर सापडलं. तीन चिठ्ठ्यांवर नर्सचा शेरा होता: आई अबोल, उत्तरं वडीलच देतात. झालं, माझ्या मनानं लगेच खलनायक तयार केला. नवरा बायकोला कोंडून ठेवतो, तिला बोलू देत नाही, वगैरे. मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू गोष्टी रचू नकोस, जाऊन बघून ये. तिसरी भेट तुझी."

तिसऱ्या गुरुवारी अकरा वाजता मी गेलो. बेल दाबली. ती आत वाजत होती, मला बाहेर स्पष्ट ऐकू येत होती. आत भांडी घासल्याचा आवाज होता, म्हणजे बाई घरात होत्या. मी दार ठोठावलं, हाका मारल्या. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग टाहो. आणि ताई, भांड्यांचा आवाज तसाच चालू राहिला, एका लयीत, जराही न थांबता. कुणी इतकं निर्दय असेल असं मला वाटेना. शेवटी मी आमची चिठ्ठी दाराखालून जोरात आत सरकवली. भांडी थांबली. दार उघडलं. ओल्या हातांच्या बाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी पाळण्याकडे बोट दाखवलं, तशा त्या धावल्या.

पाळण्याला चादरीची एक लांब पट्टी बांधलेली होती. दुसरं टोक त्या स्वतःच्या मनगटाला बांधतात, बाळ हललं की हाताला ओढ बसते. भांडी घासताना पट्टी भिजते, म्हणून तेवढ्यापुरती सोडली होती. बाळंतपणानंतर त्यांना ऐकू येणं हळूहळू कमी झालं, आता जवळजवळ गेलंय. मंगळवारी नवरा दार उघडतो आणि बोलणंही तोच सांभाळतो. "ऐकू न येणारी बाई पोर काय सांभाळणार, असं म्हणाल ना तुम्ही," त्या म्हणाल्या. मी म्हणणार नाही, असं कागदावर लिहून दिलं. मोठ्या बाईंना सांगू का, हेही लिहून विचारलं. बराच वेळ बाळाला थोपटून त्यांनी होकारार्थी मान हलवली. आता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, बेलबरोबर लागणारा दिवा मागवलाय आणि त्या घराचे सगळे चौकोन मंगळवारी परत नेलेत. तक्ता वाकडातिकडा दिसतो. दिसू दे.

आता तुझ्याकडे येतो. ढब्बू आतल्या खोलीत रडून लालबुंद झाला आणि आई पुढच्या खोलीत उशांचे अभ्रे शिवत बसून राहिली, हे तू सांगितलंस तेव्हा मी लगेच तिला फोन केला होता. रागात होतो, भरभर बोललो. "तू मुद्दाम उठली नाहीस का," असं तिला विचारलं. ती म्हणाली, "हो, हो. तू जेवलास ना?" मी तुला कळवलं की आईनं कबूल केलं. दोन महिने तू माझ्या त्या एका वाक्यावर तिच्याशी बोलत नाहीस, आणि ते वाक्य मी एकदाही तपासलं नाही. ती हल्ली फोन बाबांकडे का देते, शेजारणीकडे बसायला जाणं का सोडलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझी खात्री नाही, ताई. कदाचित ती खरंच रुसली असेल. पण तू दोन गल्ल्यांवर राहतेस. एकदा जा. ती पाठमोरी असेल तेव्हा नेहमीच्या आवाजात हाक मार आणि वळते का बघ. वळली तर मी चुकलो, मग मला हवं ते बोल. नाही वळली तर समोर जाऊन बस आणि ढब्बूला तिच्या मांडीवर दे. तुम्हा दोघींची माफी मागायला मी रविवारी येतो. फोनवर मागणार नाही. समोर बसून, सावकाश मागीन.

तुझाच,
धाकटा