परीक्षेऐवजी तिच्याकडे

आई,

आजची प्रॅक्टिकल परीक्षा बुडवतेय, ओरडू नकोस. कॉलेजच्या मदत-गटात मी जिचं ऐकून घेते, तिचा आत्ता हॉस्टेलवरून फोन आला. "आता नाही गं जमत," म्हणाली. आतून कडी लावून बसलीय. कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं होतं, तरी मी समुपदेशक बाईंना सांगून टाकलं. त्या निघाल्यात, मीही पळतेय. ती मला माफ करेल का, माहीत नाही.

बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

गेल्या वर्षी मी खोलीत कोंडून घेतलं, तेव्हा तू एक शब्द न विचारता बाहेर मटार सोलत बसली होतीस. म्हणूनच मी दार उघडलं होतं. हे तुला कधी सांगितलंच नाही.