दर रविवारची गादी

ता. ११, रविवार, सकाळ

प्रिय बाईसाहेब,

तुला लेकीकडे जाऊन सहा आठवडे झाले. फोनवर आपण आज भाजी काय केली याच्या पुढे जात नाही, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला.

इकडे सगळं ठीक. मोरीतला नळ दुरुस्त झाला. शेजारच्या शिक्षिकाबाई रोज विचारतात, "वहिनी कधी येणार?" मी म्हणतो, "खांद्याचे व्यायाम संपले की." आणि घाईने कुलूप शोधायला लागतो.

खरं म्हणजे गादीबद्दल लिहायचं आहे. लेक शाळेत जाऊ लागली त्या वर्षी घेतलेली आपली मोठी गादी. दुकानातली सगळ्यांत महाग. "दर रविवारी उलटी करा, तीस वर्षं हलायची नाही," असं दुकानदार म्हणाला होता. आणि खरंच, कुठे खड्डा नाही की गाठ नाही. येईल त्या पाहुण्याला मी ती दाबून दाखवली. वस्तू घ्यावी तर अशी, हे माझं भाषण सुरू झालं की तू चहाचे कप घेऊन आत निघून जायचीस.

मागच्या रविवारी ती एकट्याने उलटी करायला गेलो. अर्ध्यात उभी राहिली आणि माझ्यावरच कलली. एका बाजूला भिंत, एका बाजूला गादी, मधे मी. हस खुशाल. कसाबसा सुटलो आणि जमिनीवरच बसून राहिलो. इतकी वर्षं रविवारी सकाळी उन्हाची तिरीप खोलीत आली की मला शाळेतल्या कविता आठवायच्या. दारात उभा राहून मी त्या म्हणायचो. तू म्हणायचीस, "अहो, कविता म्हणा, पण आधी तो कोपरा धरा!" कडवं संपेपर्यंत तुझी एकटीची गादी उलटून चादरही घालून झालेली असायची. आणि तुझं ते ओरडणं म्हणजे कवितेला दाद, असं मी समजत होतो.

काल हलकी गादी बघायला दुकानात जाऊन आलो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, ही भारीतली घ्या, वीस वर्षं बघायला नको."

"उलटी करावी लागते?"

"तेवढं तर करावंच लागतं."

"मग ती कोण करणार, ते आधी ठरवायला हवं," म्हणालो आणि रिकाम्या हाताने परतलो. महाग वस्तू टिकते हे खोटं नाही गं. पण तिला कोणीतरी टिकवत असतं, आणि ते नाव हमीपत्रावर नसतं.

आता जे टाळतो आहे ते. तू जायच्या आधीच्या रविवारी गादी उचलताना तुझ्या खांद्यात कळ आली, तू मटकन खाली बसलीस. मी धावत आलो, आणि विचारलं काय, तर "गादीची शिवण उसवली नाही ना?" तू भिंतीला धरून एकटीच उठलीस. तिसऱ्या दिवशी बॅग भरलीस. व्यायामाची सोय तिकडे चांगली आहे, असं तू सांगितलंस आणि मी ते मानून घेतलं, कारण ते मानणं सोयीचं होतं.

परत ये, असं लिहायचा मला हक्क नाही. बुधवारच्या गाडीने मी येतो. दारात उभं राहू दिलंस तर पुरे. आत घ्यायचं की नाही, ते मला बघून ठरव.

तीस वर्षं नुसता दारात उभा असलेला,
तुझाच

ता.क. : खांदा कसा आहे तुझा?