आंदणाच्या यादीत

शनिवार, ८ जानेवारी १९३८

वाचन-मंडळ सुरू झालं एकदाचं! सातवीच्या नऊ मुली, शाळा सुटल्यावर. गुलामांच्या व्यापाराचं इंग्रजी पुस्तक मी मराठीत सांगत वाचते. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "मुलींना कशाला असलं?" असलंच हवं! जहाजाच्या तळाशी माणसं कशी कोंबत ते सांगितलं, तर मुली पुढे सरकून बसल्या. एकीने विचारलं, "आपल्याकडे होते का हो गुलाम?" मी ठणकावून सांगितलं — छे, आपल्याकडे नव्हते.

मंगळवार, ११

चंद्रिकावन्संचं लग्न महिन्यावर आलं. सासूबाई आंदणाची यादी सांगत होत्या, मी लिहीत होते. घरकामाच्या झुंबरबाईलाही पाठवायचीय साताऱ्याला, वन्संच्या सोबतीला, कायमची. इथे भाकऱ्या कोण बडवणार? शाळा करून मी?

शनिवार, १५

मुलींनी तिळगूळ आणला होता. आज बाजारात माणसं विकायचे तो भाग. वलवणची नंदा, एरवी तोंड न उघडणारी, एकदम म्हणाली, "बाई, त्यास्नी कुनी इचारलं व्हतं का, येता का म्हून?"

मी हसले. म्हटलं, "अगं, विचारलं असतं तर ते गुलाम कसले?" सगळ्या हसल्या. नंदा नाही हसली. घरी येईपर्यंत माझंच वाक्य डोक्यात घोळत होतं.

रविवार, १६

यादी काढून पाहिली. माझंच वळणदार अक्षर! घंगाळ एक. समया दोन. पाटा-वरवंटा. झुंबरबाई. ताटं-वाट्या सहा-सहा.

लिहिताना काही वाटलंसुद्धा नाही मला. आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, १९

झुंबरबाई परसात भांडी घासत होती, तिथे जाऊन बसले. तिचा बाप सासूबाईंच्या माहेरची जमीन कसायचा. सासूबाईंच्या लग्नात हिला त्यांच्याबरोबर धाडली — सात वर्षांची होती! पगार कधी नाही, दिवाळीला लुगडं. गाव कुरवंडे. इथून, लोणावळ्याहून, चालत दोन तास नाहीत, आणि पन्नास वर्षांत एकदाही गेली नाही!

मी विचारलं, "साताऱ्याला जायचंय का तुम्हाला?" आजवर मी तिला 'तू'च म्हणत आले.

बघतच राहिली. "मला कशापायी इचारता? जा म्हनलं की जायाचं."

"आणि नको असेल तर?"

हातातली राख तिने झटकली. म्हणाली, "न्हाई जायाचं मला."

शुक्रवार, २१

सासूबाईंना सांगितलं. केवढ्या कडाडल्या! "पुस्तकं वाचून घर मोडतेस? पोटच्या पोरीसारखी सांभाळली मी तिला." ते खोटं नाही. झुंबरबाई तापाने फणफणली होती, तेव्हा याच उशाशी बसल्या होत्या. पण पोटच्या पोरीला स्थळ पसंत आहे का, ते विचारलं होतं की! हे म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." मग काय बघणार, कपाळ? सासूबाईंच्या समोर यादीतलं नाव खोडलं. तेव्हापासून अबोला आहे.

शनिवार, २२

मुलींना सांगितलं, मी त्या दिवशी चुकीचं बोलले. आपल्याकडे होतं. माझ्या घरात अजून आहे. कुरवंड्याच्या झुंबरबाईंची सगळी हकिकत सांगितली.

मंडळ सुटल्यावर नंदा मागे राहिली. "कुरवंड्याला माजी मावशी हाय, बाई. तिला त्यांच्या मानसांची चौकशी कराया सांगते."

गुरुवार, २७

नंदाने निरोप आणला. झुंबरबाईंचा भाऊ गेला, भाचा आहे, महिपती. "आत्या जित्ती हाय?" म्हणून लय रडला म्हणे. रविवारी न्यायला येतोय. झुंबरबाई ऐकून पदर तोंडाला लावून बसल्या.

चार दिवस माहेरी राहून येतील. आल्या की पगार ठरवायचा, मग राहतील इथेच सुखाने. फार हलकं वाटतंय मला आज!

रविवार, ३०

महिपती आला. झुंबरबाई सासूबाईंच्या पाया पडल्या, दोघी रडल्या. दारात मी विचारलं, "परत कधी याल?"

"आता इचारलंत म्हून सांगते, वैनी. न्हाई यायची मी."