एकेक सूर

मुंबई, १२ सप्टेंबर १९८७

प्रिय एर्मेलीन,

मी धडधाकट आहे. तू पाठवलेले सुके बांगडे संपले. तुझा गुडघा कसा आहे?

सिनेमाच्या गाण्यांची रेकॉर्डिंगं हल्ली कमी झालीत, पण काल मला एकट्यालाच बोलावलं. आम्ही चाळीस व्हायोलिनवाले दाटीवाटीनं बसायचो त्या हॉलमध्ये खुर्ची एकच. समोर नोटेशनचा कागद नाही, नुसतं पेटीसारख्या पट्ट्यांचं मशीन. इंजिनिअर पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, "अंकल, एकेक सूर वाजवा. आधी लांब, मग तोडून."

जुन्या गाण्यांत आम्ही हुंदक्यासारखा गज ओढायचो, तोही त्यानं मागून घेतला.

मी विचारलं, "अरे बाबा, पण गाणं कुठलं?"

"यापुढची सगळी," तो हसला आणि त्यानं मशीनची एक पट्टी दाबली. माझाच हुंदका बाहेर आला. माझे हात मांडीवर होते.

खोलीवर फेर्मीननं विचारलं, "कसलं काम होतं रे?" पंचवीस वर्षं तो माझ्या शेजारी वाजवतोय. मला त्याला सांगवलं नाही.

आपला एव्हरिस्ट चर्चमध्ये व्हायोलिन शिकतोय ना? त्याला टायपिंगलाही घाल.

संध्याकाळच्या प्रार्थनेत माझं नाव घेतेस, तसं आता बाकीच्या एकोणचाळीस जणांचंही घे.

तुझाच,
कायतान